कंसातले साइक्ससाहेब

मलप्रभा नदीतल्या माशांवरचा आमचा पेपर चौथ्या दिवशी परत आला. इतक्या लवकर तो कुणी वाचणं शक्य नव्हतं, आणि वाचला नव्हताच. मेलमध्ये दोन ओळी होत्या: संदर्भ आमच्या शैलीप्रमाणे नाहीत, सुधारून पुन्हा पाठवा. तीन वर्षं आम्ही कणकुंबीपासून हब्बनहट्टी, असोगा, खानापूर असं करत खाली सौंदत्तीपर्यंत जाळी टाकली. जळवा लागल्या, एका विद्यार्थ्याचा मोबाइल नदीनं नेला. आणि अडलं कशावर, तर स्वल्पविरामांवर.

मी बेळगावात प्राणिशास्त्र शिकवते. माहेर खानापूर तालुक्यातलं, घर टिळकवाडीत. याआधीच्या पेपरांचे संदर्भ मी हातानंच टाइप केले होते आणि त्याचा थोडा अभिमानही होता. ते पेपर आकडेवाल्या पद्धतीचे. मजकुरात १, २, ३ असे आकडे टाकायचे आणि शेवटी त्याच क्रमानं यादी द्यायची. वैद्यकाच्या नियतकालिकांचे संपादक १९७८ साली कॅनडात व्हँकुव्हरला जमले, त्यातून ही पद्धत रूढ झाली, म्हणून तिला व्हँकुव्हर म्हणतात. वाचायला सुटसुटीत, पण लिहिणाऱ्याचा जीव घेते. मागच्या पेपरात सगळं झाल्यावर सरांनी प्रस्तावनेत एक संदर्भ वाढवायला सांगितला, म्हणजे १२ चा १३, १३ चा १४, असं शेवटपर्यंत सरकवायचं. मी शोधा-आणि-बदला चालवलं. उलट्या क्रमानं, शेवटच्या आकड्यापासून करायचं एवढी अक्कल होती. पण १२ चा १३ होताना ११२ मिलिमीटर पावसाचा ११३ झाला आणि २०१२ साल २०१३ झालं. पाऊस कुणाच्या लक्षात आला नाही. साल मात्र परीक्षकाच्या लक्षात आलं.

ह्या नव्या नियतकालिकाला नाव-साल पद्धत हवी होती. मजकुरात लेखकाचं आडनाव आणि साल, मागे अकारविल्हे यादी. मी यादी तशी लावूनही दिली होती. पण त्यांच्या सूचना पुन्हा वाचल्या तेव्हा चुकांचा ढीगच दिसला. नियतकालिकांची नावं पूर्ण हवी होती, माझी अर्धी संक्षिप्त होती. खंडाचा आकडा ठळक हवा होता, पेपराच्या शीर्षकात प्रजातीचं नाव तिरक्या अक्षरात हवं होतं. पानांच्या आकड्यांमध्ये साधी जोडरेघ चालत नाही, जरा लांब रेघ लागते. लेखक तीनपेक्षा जास्त असतील तर मजकुरात पहिल्याचं नाव आणि ‘व इतर’, यादीत मात्र सगळेच्या सगळे. अडुसष्ट संदर्भ होते. मी लाल पेन घेऊन बसले आणि नवव्या संदर्भापाशी उठून चहा टाकला.

आमच्याकडे पीएचडी करणारी मुलगी नंदगडची आहे. ती माझ्या कागदाकडे बघून म्हणाली, “आता हातानं कोण करतंय मॅडम? झोटेरो टाकूया की.”

टाकलं. झोटेरो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली सुरू झालेलं. पेपराचा डीओआय, म्हणजे प्रत्येक पेपराला मिळणारा ओळख क्रमांक, दिला की ते त्याचा सगळा तपशील स्वतः आणतं, आणि वर्डमध्ये बसून मजकुरात संदर्भ टाकतं, मागची यादीही बनवतं. तिनं दोन दिवसांत अडुसष्टही संदर्भ चढवले. मग माझ्यासमोर शैली बदलून दाखवली. आकड्यांची नावं झाली, नावांचे पुन्हा आकडे. माझी सगळी रविवारची दुपार वाचली म्हणून मी तिला कुंदा खिलवला. कुंदा जरा लवकरच खिलवला.

यादी दिसायला सरळ होती, पण नीट वाचली तेव्हा एकेक खडा दाताखाली यायला लागला. काही शीर्षकं ओरडत होती, म्हणजे सगळी मोठ्या लिपीत, कारण प्रकाशकाच्या नोंदीतच ती तशी होती. ती खाली आणायला तिनं ‘वाक्यासारखं कर’ हे बटण दाबलं, तर पश्चिम घाटापासून कृष्णेपर्यंत सगळी विशेषनामं लहान अक्षराची झाली. सरकारी खात्याच्या अहवालाचा लेखक म्हणून खात्याचं नाव घातलं होतं. सॉफ्टवेअरनं त्यातला शेवटचा शब्द आडनाव मानला आणि बाकीच्या खात्याची आद्याक्षरं केली. एकच पेपर दोनदा चढलेला, एकदा डीओआयवरून, एकदा गूगल स्कॉलरवरून. झोटेरोला ते दोन वेगळे पेपर वाटले, म्हणून त्यानं सालापुढे इमानदारीत ए आणि बी लावले.

झोटेरोची यात काहीच चूक नव्हती. शिंपी कपडा मापानं शिवून देतो. पण माप आपण दुसऱ्याचंच दिलं तर तो काय करणार?

खरी गंमत साइक्ससाहेबांची झाली.

विल्यम हेन्री साइक्स हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी. मुळा-मुठेच्या आणि भीमेच्या काठी हिंडून त्यांनी मासे जमवले, चितारले आणि त्यांना शास्त्रीय नावं दिली. ती नावं देताना त्यांनी कोळ्या-भोयांची मराठी नावं सरळ लॅटिनच्या पंक्तीत बसवली. शिंगाळ्याचं सीनघाला झालं, मळ्याचं मुल्या, कोळसाचं कोलस. खानापूरच्या घाटावर एका म्हाताऱ्या भोयाला मी बादलीतला बोटभर मासा दाखवला तर तो म्हणाला, “मळ्या की हो बाई. दगडाला चिकटून असतोय.” शास्त्रीय नाव गारा मुल्या. जवळपास दोनशे वर्षांपूर्वी भीमेच्या काठच्या कुणीतरी भोयानं साहेबाला हेच सांगितलं असणार. त्या भोयाचं नाव कुठल्याच यादीत नाही. नाव ठेवणारा म्हणून मागे लागतो तो साइक्स, १८३९.

आता हे ‘साइक्स, १८३९’ संदर्भासारखं दिसतं, पण तो संदर्भ नव्हे. ती प्रजातीच्या नावाची शेपटी आहे, नाव कुणी कधी ठेवलं ते सांगणारी. आमच्या मुलीला ते माहीत नव्हतं. तिनं तक्त्यातल्या एकूण एक प्रजातींच्या शेपट्या काढून तिथे झोटेरोचा संदर्भ टाकला. नाव-साल शैलीत झोटेरो संदर्भ कंसात टाकतं. त्यामुळे सगळे मासे कंसात गेले.

हे पकडलं आमच्या कन्नड सहकाऱ्यानं. ते सौंदत्तीकडचे, मराठी छान बोलतात, पण चिमटा काढायचा असला की जास्तच सावकाश बोलतात. तक्ता बघत म्हणाले, “मॅडम, ह्या रोहटीनं घर कधी बदललं हो?”

ते कंसाबद्दल विचारत होते. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत ५१वा अनुच्छेद आहे. ज्या वंशनावाखाली, म्हणजे शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दाखाली, प्रजातीचं वर्णन झालं, तिथेच ती आजही असेल तर नाव ठेवणारा कंसाबाहेर. पुढे तिला दुसऱ्या वंशात हलवलं असेल तर तो कंसात. खुद्री महसीर साइक्सनी बार्बस वंशात मांडला, आता तो टोर वंशात आहे, म्हणून टोर खुद्री (साइक्स, १८३९). मळ्याचंही तसंच. पण रोहटी ओगिल्बी साइक्सनी ज्या रोहटी वंशात ठेवला तिथेच आहे. म्हणून नुसतं साइक्स, १८३९, कंस नाही.

मुलीला मी आमच्या पद्धतीनं सांगितलं. बारशाला नाव आत्या ठेवते. पोरगी लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली की आत्या कंसात जाते. माहेरीच राहिली तर आत्या बाहेर. तिला एवढं पटलं की पुढचे दोन दिवस प्रयोगशाळेत “ह्याची आत्या आत का बाहेर?” हेच चाललं होतं. सगळ्या शेपट्या काढून हातानं पुन्हा टाइप कराव्या लागल्या. झोटेरोनं वाचवलेली दुपार तिथेच परत गेली.

मग प्रश्न आला, हे शेपटीतले लोक मागच्या यादीत घ्यायचे का? ह्यावर नियतकालिकांचं एकमत नाही. काहींना सगळे हवे असतात, काहींना एकही नको. आमच्या नियतकालिकाचा नियम असा की, नुसता नावापुरता आला तर यादीत नको, त्याच्या लिखाणाचा आधार घेतला असेल तर हवा. म्हणून हॅमिल्टन १८२२ गळाले, कारण ते नावापुरते होते. साइक्स राहिले, कारण मासे पूर्वी कुठे मिळत होते हे आम्ही त्यांच्यावरून मांडलं होतं.

साइक्स राहिले खरे, पण कुठल्या सालाचे? मजकुरात १८३९. झोटेरोनं आणलेल्या नोंदीत १८३८. आणि आमच्या एका जुन्या पेपरात १८४१. तिन्ही वाचून मला आधी वाटलं की दोन तरी चूक असणार. शेवटी स्वतः जैवविविधता वारसा ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जाऊन जुन्या खंडांची स्कॅन केलेली पानं उघडली. लंडनच्या प्राणिशास्त्र सोसायटीच्या वृत्तान्ताचा खंड १८३८ सालचा आहे. साइक्सचं टिपण त्यात १५७ ते १६५ पानांवर, पण ते प्रत्यक्ष छापून बाहेर पडलं १८३९ मध्ये. सविस्तर, चित्रांसकटचा लेख त्याच सोसायटीच्या दुसऱ्या एका मालिकेत १८४१ ला आला, पानं ३४९ ते ३७८. म्हणजे दोन वेगळे लेख. आम्ही, आणि आमच्याआधी बऱ्याच जणांनी, पहिल्याचं साल आणि दुसऱ्याची पानं एकत्र जोडून एक तिसराच लेख तयार केला होता, जो कुणी लिहिलेलाच नाही. मी तो कुठून उचलला होता? दुसऱ्या एका पेपराच्या यादीतून. त्यांनीही कुठून तरी उचलला असणार. मी आजवर विद्यार्थ्यांना मूळ वाचल्याशिवाय संदर्भ देऊ नका म्हणून सांगत आले. त्या संध्याकाळी मुलीकडे बघायची लाज वाटली.

आणखी एक. १८३९ च्या शीर्षकात ‘डेक्कन’ आहे, आपल्या ओळखीच्या स्पेलिंगनं. १८४१ च्या शीर्षकात त्याच दख्खनचं स्पेलिंग डी-यू-के-एच-यू-एन असं आहे. कानाला ऐकू येईल तसं इंग्रजीत उतरवलेलं, आणि खरं सांगायचं तर आपल्या उच्चाराच्या जास्त जवळचं. वर्डनं त्याखाली लाल नागमोडी रेघ ओढली होती. मुलीनं ती चूक समजून दुरुस्त केली होती. मी परत डी-यू केलं. संदर्भाचं शीर्षक आपलं नसतं, ज्याचं त्याचं असतं. त्याला हात लावायचा नाही, शुद्ध करायलासुद्धा.

हे तिला सांगत होते आणि खाली सरकता सरकता गॅझेटियरच्या नोंदीपाशी आले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड, बेळगाव जिल्ह्याचा, १८८४ चा, संपादक कॅम्पबेल. आमच्या यादीत त्याचं शीर्षक होतं ‘बेळगावी’.

“हे कुणी केलं?”

“मीच केलं मॅडम. पेपरात सगळीकडं अधिकृत नाव पाहिजे म्हणालात की. सगळीकडं बदल म्हणून दाबलं.”

म्हणालेच होते. जिल्ह्याचं अधिकृत इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, आणि अभ्यासक्षेत्राच्या वर्णनात ते नवंच हवं. पण त्या एका बटणानं कॅम्पबेलसाहेबांकडून १३० वर्षं आधीच ते लिहून घेतलं होतं. दुकानावरच्या पाटीचं नाव कुठल्या लिपीत वर आणि कुठल्या लिपीत खाली, यावर जिथे पिढ्या वाद घालतात, त्या गावाचा इतिहास आमच्या पोरीनं चहा पिता पिता सपाट करून टाकला. सहकारी हसले, मीही हसले, पण यादी मात्र आम्ही दोघांनी मिळून एकेक ओळ सोडवली. जुन्या लेखांत गाव मुंबई राज्यात होतं. १९५६ नंतरच्या लेखांत म्हैसूर राज्यात. १९७३ नंतर कर्नाटकात. गाव तिथंच, नदी तिथंच. ज्यानं जसं छापलं तसंच ठेवलं. प्रकाशनस्थळ म्हणून जिथे बॉम्बे होतं तिथे बॉम्बेच राहिलं.

माणसांच्या नावांचं तर विचारूच नका. सहकाऱ्यांच्या नावात पहिलं अक्षर गावाचं, दुसरं वडिलांचं, मग त्यांचं स्वतःचं नाव. आडनाव असा प्रकारच नाही. पूर्वी एका नियतकालिकाच्या अर्जात आडनावाचा रकाना रिकामा सोडता येईना, म्हणून त्यांनी गावाचं नाव टाकलं. तेव्हापासून त्यांचे अर्धे पेपर त्यांच्या नावावर आणि अर्धे गावाच्या नावावर. माझं दुखणं वेगळं. लग्नाआधीचे दोन पेपर माहेरच्या आडनावानं आहेत. यादीत मी दोन ठिकाणी येते, एकदा वर, एकदा खाली, आणि वाचणाऱ्याला वाटतं या दोन बायका एकमेकींचं काम फार मानतात. शीर्षक बदलता येत नाही तसं छापलेलं नावही बदलता येत नाही. त्यावर आता संशोधकाची ओळख सांगणारा ऑर्किड क्रमांक असतो, सोळा आकडी, २०१२ पासून सुरू झालेला. तो एकदा घेतला की दोन्ही आडनावांचे पेपर एका खात्यात गोळा होतात. मी त्याच आठवड्यात घेतला. सहकाऱ्यांनाही घ्यायला लावला. ते म्हणाले, “बरं झालं, आता गाव सुटलं माझ्या मागचं.”

मग फाइल त्यांच्या संगणकावर गेली. त्यांच्याकडे झोटेरो नव्हतं. त्यांनी ती दुसऱ्याच एका प्रोग्राममध्ये उघडून, दोन वाक्यं सुधारून, जपून ठेवून परत पाठवली. मजकुरातल्या संदर्भांचा यादीशी असलेला धागा तुटला. शब्द दिसायला तेच, पण आता ती नुसती अक्षरं. माझ्याकडे आदल्या दिवशीची प्रत होती म्हणून वाचले. तेव्हापासून एक प्रत धागे असलेली माझ्याकडेच ठेवते, आणि दुसऱ्यांना वाचायला पाठवायची ती धागे तोडलेली वेगळी प्रत, नावातच ‘फक्त वाचायला’ असं लिहून.

शेवटची तपासणी जुन्या पद्धतीनं केली. आमचे हे शाळेत मराठी शिकवतात. त्यांना पेपरातलं काही कळत नाही, आणि म्हणूनच ते ह्या कामाला उत्तम. मजकुरातला प्रत्येक संदर्भ मी मोठ्यानं वाचायचा, त्यांनी यादीत शोधून खूण करायची. बाहेर पाऊस, वीज दोनदा गेली, तेव्हा मोबाइलच्या उजेडात.

“डे, १८७८.”

“माझ्याकडं १८७५ आहे.”

“तेच पुस्तक आहे हो. भागाभागानं निघालं, १८७५ ते १८७८.”

“मग दोन्हीकडं एकच लिही की. मी शिपाई आहे, मला इतिहास सांगू नकोस.”

दोन्हीकडे १८७५ ते १८७८ केलं. यादीत तीन संदर्भ असे निघाले जे मजकुरात कुठेच नव्हते. परिच्छेद कापताना त्यांची वाक्यं गेली होती, ते मात्र मागे राहून गेले होते. आणि मजकुरात एक असा होता जो यादीत नव्हता. तो आमच्याच विद्यापीठातला प्रबंध, हातानं टाइप केलेला, झोटेरोला माहीतच नसलेला. त्याबद्दल कुणाला दोष द्यायचा नाही, तो माझाच उद्योग. साडेअकराला यादी पासष्टवर आली, खूण नसलेली एकही ओळ नाही. मग हे म्हणाले, “ते ‘मुल्या’ म्हणजे आपला मळ्याच ना?” एवढा वेळ ते वाचतही होते तर.

पेपर पुन्हा पाठवला. ह्या वेळी तो परीक्षकांकडे गेला. पाच महिन्यांनी दोन अहवाल आले. संदर्भांबद्दल एकानं एकच वाक्य लिहिलं होतं, की रोहटीच्या नावामागे कंस का नाही. सहकाऱ्यांनी अनुच्छेदाचा आकडा देऊन उत्तर लिहिलं. त्यात ‘आत्या’ घालायचा मोह त्यांनी आवरला असं ते सांगतात, मला खात्री नाही.

प्रूफ आलं ते ४८ तासांच्या मुदतीवर. समासात कॉपी एडिटरचे अकरा प्रश्न होते. चौथा: ‘संदर्भ ५२ मध्ये दख्खनचं स्पेलिंग दुरुस्त केलं आहे, कृपया संमती द्या.’ मी लिहिलं, संमती नाही, मूळ पानावर जसं आहे तसं ठेवा, आणि पानाचा दुवा दिला. सातवा: ‘मजकुरात बेळगावी आणि संदर्भ १४ मध्ये वेगळं रूप आहे, एकरूप करावं का?’ लिहिलं, करू नये. नववा प्रश्न माझ्याबद्दल होता: संदर्भ २७ आणि ४१ ची लेखिका एकच का? हो म्हणून ऑर्किड क्रमांक दिला.

पेपर छापून आला त्या दिवशी मी सारांश नाही, आधी मागची यादीच उघडली. हेही चष्मा लावून शेजारी बसले. कंस बरोबर, दख्खन डी-यू, गॅझेटियर जुन्याच नावाचं. ह्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. साइक्सच्या ३४९ ते ३७८ पानांमध्ये लांब रेघेऐवजी साधी जोडरेघ पडली होती.

“कळवायचं का त्यांना?”

“असू दे की,” मी म्हटलं आणि फाइल बंद केली.